निर्लवणीकरणासाठी वापरली जाणारी सच्छिद्र कार्बन विद्युतअग्रे

सच्छिद्र कार्बन विद्युतअग्रे हा धारित्रीय विआयनीकरण या पद्धतीचा मुख्य घटक होय. या पद्धतीत मचूळ पाण्यात विरघळलेले क्षार विजेच्या साहाय्याने वेगळे केले जातात. इंग्रजीत तिला कपॅसिटिव्ह डीआयोनायझेशन किंवा संक्षेपाने सीडीआय म्हणतात. दोन सच्छिद्र कार्बन पत्र्यांमधून पाणी वाहते आणि त्यांवर साधारणतः १.२ व्होल्टपर्यंतचा विद्युत दाब दिला जातो. तेव्हा पाण्यातील धन आयन ऋण पत्र्याच्या छिद्रांत आणि ऋण आयन धन पत्र्याच्या छिद्रांत जाऊन बसतात व पाणी गोडे होते. छिद्रे भरली की दाब काढून घेतात किंवा उलटा करतात. त्याबरोबर आयन बाहेर येतात व थोड्या पाण्यासोबत वाहून जातात.

‘विद्युतअग्र’ या शब्दातील ‘अग्र’ म्हणजे टोक. येथे मात्र विद्युतअग्र हे टोक नसून चादर असते, आणि तिचे सारे काम तिच्या पृष्ठभागावर नव्हे, तर पोटातील सूक्ष्म पोकळ्यांत चालते. त्यामुळे कार्बन किती घेतला यापेक्षा त्यातील छिद्रे कोणत्या आकाराची आहेत आणि ती एकमेकांशी कशी जोडलेली आहेत, यावर या पद्धतीचे यशापयश अवलंबून असते.

वऱ्हाडातील मचूळ पाण्याचा प्रश्न

महाराष्ट्रात या विषयाला प्रत्यक्ष संदर्भ आहे तो पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचा. उत्तरेस सातपुड्याची गाविलगड रांग आणि दक्षिणेस अजिंठ्याची रांग यांच्यामधील खोलगट भागात पूर्णेने गाळाचे जाड थर साचवले आहेत. या थरांतील भूजल अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतील सुमारे नऊशे गावांत खारट आहे. विहीर खोल नेली तर पाणी वाढते, पण ते पिण्याजोगे असेलच असे नाही.

वाशिम जिल्हा या पट्ट्याच्या दक्षिणेस, उंचावर आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन तो अस्तित्वात आला. त्याचा बहुतेक भाग बेसाल्ट खडकाचा असून पूर्णा आणि पैनगंगा यांच्या खोऱ्यांमधील जलविभाजक याच प्रदेशातून जातो. येथील डोंगराळ भागात उगम पावणारी काटेपूर्णा नदी उत्तरेकडे उतरून अकोला जिल्ह्यात पूर्णेला मिळते. तिच्यावर महान येथे धरण बांधलेले असून अकोला शहराला आणि खारपाणपट्ट्यातील अनेक गावांना त्यातूनच नळाचे पाणी पुरवले जाते. खाली भूजल भरपूर असूनही पिण्यासाठी वरच्या डोंगरातील पावसाचे पाणी नळाने न्यावे लागते, अशी ही स्थिती आहे. ज्या वर्षी पाऊस ओढ देतो त्या वर्षी धरण भरत नाही आणि गावांना पुन्हा खाऱ्या विहिरींकडे किंवा टँकरकडे वळावे लागते.

पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५०० : २०१२) एका लिटरमध्ये विरघळलेल्या पदार्थांचे एकूण प्रमाण ५०० मिलिग्रॅमपर्यंत असणे इष्ट आहे. दुसरा स्रोत नसेल तर २००० मिलिग्रॅमपर्यंत ते चालते. समुद्राच्या पाण्यात हे प्रमाण सुमारे ३५,००० मिलिग्रॅम असते. खारपाणपट्ट्यातील पुष्कळ विहिरी २००० च्या आसपास किंवा त्याहून वर असल्या, तरी समुद्राच्या तुलनेत त्या कितीतरी सौम्य ठरतात. धारित्रीय विआयनीकरण उपयोगी पडते ते नेमके अशाच पाण्यासाठी. समुद्राच्या पाण्यासाठी ते योग्य नाही, कारण इतके आयन सामावून घेण्यासाठी लागणारा कार्बन आणि वीज दोन्ही परवडण्याच्या पलीकडे जातात.

कार्यतत्त्व

विद्युतभारित पृष्ठभाग क्षारयुक्त पाण्यात ठेवला की त्याच्यालगत विरुद्ध भाराच्या आयनांचा थर जमतो. पृष्ठभागावरील भार आणि आयनांचा हा थर मिळून विद्युत द्विस्तर तयार होतो. ही कल्पना एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ यांनी मांडली. पुढे गूई (१९१०), चॅपमन (१९१३) आणि स्टर्न (१९२४) यांनी तिला आजचे रूप दिले. आयन कार्बनशी रासायनिक बंध करत नाहीत. ते केवळ विद्युत आकर्षणाने तेथे राहतात. म्हणूनच भार काढून घेताच ते सुटतात आणि तेच विद्युतअग्र हजारो वेळा वापरता येते.

या प्रक्रियेत सगळी वीज क्षार काढण्यासाठी खर्च होत नाही, ही बाब अनेक प्राथमिक वर्णनांत सुटते. विद्युतअग्राच्या छिद्रांत आधीच पाणी असते आणि त्या पाण्यात दोन्ही प्रकारचे आयन असतात. ऋण पत्र्याला भार दिला की बाहेरचा सोडियम आयन आत येतो, पण त्याच वेळी आतला क्लोराइड आयन बाहेर ढकलला जातो. असा एक क्लोराइड बाहेर पडला की एका इलेक्ट्रॉनाचे श्रम वाया गेले, कारण पाण्यातील क्षार त्यामुळे कमी होत नाही. काढलेल्या क्षाराचे खर्च झालेल्या विद्युतभाराशी असलेले प्रमाण म्हणजे भारकार्यक्षमता. दाब कमी असताना ही अदलाबदल जास्त होते, म्हणून भारकार्यक्षमताही कमी राहते. ऋण विद्युतअग्रावर केवळ धन आयनांना वाट देणारे पटल आणि धन विद्युतअग्रावर केवळ ऋण आयनांना वाट देणारे पटल बसवले, तर आतले आयन बाहेर पडू शकत नाहीत आणि कार्यक्षमता बरीच वाढते. या सुधारित प्रकाराला पटलयुक्त धारित्रीय विआयनीकरण म्हणतात. पटले महाग असतात, हा त्यातील दोष.

विजेचा दाब १.२ व्होल्टच्या आसपास मर्यादित ठेवण्याचे कारण पाण्याच्या विद्युत विच्छेदनाशी निगडित आहे. सैद्धांतिकदृष्ट्या १.२३ व्होल्टला पाणी हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांत विघटित होऊ लागते.

छिद्रांची रचना

छिद्रांच्या रुंदीवरून त्यांचे तीन वर्ग केले जातात : २ नॅनोमीटरपेक्षा लहान ती सूक्ष्मछिद्रे, २ ते ५० नॅनोमीटरची मध्यछिद्रे आणि त्याहून मोठी ती स्थूलछिद्रे. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दशलक्षावा भाग.

चांगल्या सक्रियित कार्बनच्या एका ग्रॅमचे अंतर्गत क्षेत्रफळ १००० ते २००० चौरस मीटर असते. काही पदार्थांत ते ३००० पर्यंतही जाते. शेतीच्या मापात सांगायचे तर १५०० चौरस मीटर म्हणजे जवळजवळ १५ गुंठे. तीन ग्रॅम भुकटीत एका एकराहून अधिक पृष्ठभाग दडलेला असतो. हे क्षेत्रफळ उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाला नायट्रोजन वायू शोषवून मोजतात आणि १९३८ साली ब्रुनॉवर, एमेट आणि टेलर यांनी मांडलेल्या समीकरणाने काढतात.

मात्र नायट्रोजनने मोजलेले सारे क्षेत्र आयनांना उपलब्ध असतेच असे नाही. पाण्यातील आयन एकटा नसतो. त्याच्याभोवती पाण्याच्या रेणूंचे वेष्टन असते आणि या वेष्टनासह सोडियम आयनाचा व्यास सुमारे ०.७ नॅनोमीटर भरतो. त्याहून अरुंद छिद्रांत शिरण्यासाठी त्याला वेष्टनाचा काही भाग टाकावा लागतो आणि त्यासाठी ऊर्जा लागते. अतिशय अरुंद छिद्रांचे क्षेत्रफळ मोजमापात दिसते, पण निर्लवणीकरणात त्याचा पुरता उपयोग होत नाही. विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत क्षेत्रफळाचा आकडा ठळक छापलेला असतो. केवळ त्यावर विसंबून कार्बन निवडणे चुकीचे ठरते.

या कारणास्तव पूर्वी असे मानले जात असे की सूक्ष्मछिद्रे निरुपयोगी आहेत आणि केवळ मध्यछिद्रे असलेला कार्बनच हवा. मचूळ पाण्यात द्विस्तराची जाडी काही नॅनोमीटर असते. छिद्राची रुंदी त्याहून कमी असेल, तर समोरासमोरच्या दोन भिंतींचे द्विस्तर एकमेकांत मिसळतात. असे झाले की आयन साठवता येणार नाहीत, हा त्या मतामागचा तर्क होता. पुढील संशोधनात हे मत टिकले नाही. एक नॅनोमीटरच्या आसपासची किंवा त्याहूनही लहान छिद्रे असलेल्या कार्बाइडजन्य कार्बनने क्षार उत्तम रीतीने धरून ठेवल्याचे आढळले. द्विस्तर एकमेकांत मिसळल्यावर संपूर्ण छिद्रच आयनांचे कोठार बनते, अशी आता समजूत आहे आणि तिचे गणित डोनन यांच्या समतोल सिद्धांताच्या सुधारित रूपाने मांडले जाते.

तरीही एकट्या सूक्ष्मछिद्रांवर काम भागत नाही. साठवण त्यांच्यात होते, पण तेथवर पोहोचण्यासाठी वाटा लागतात. गावाची रचना नजरेसमोर आणली तर हे सहज कळते : माणसे राहतात ती घरांत, परंतु घरापर्यंत बोळ हवा, बोळाला रस्ता हवा. स्थूलछिद्रे हे रस्ते, मध्यछिद्रे हे बोळ आणि सूक्ष्मछिद्रे ही घरे. बोळ अरुंद असतील तर आयन आत जायला इतका वेळ लागतो की एका दिवसात मोजकीच आवर्तने होतात. रस्तेच फार रुंद केले तर घरांना जागा उरत नाही आणि तेवढ्याच आकारमानात क्षार कमी मावतो. विद्युतअग्रांच्या संशोधनाचा मोठा भाग हे प्रमाण साधण्यातच गेला आहे.

विद्युतअग्राची क्षमता ‘एका ग्रॅम कार्बनमागे किती मिलिग्रॅम क्षार’ अशी सांगतात. प्रयोगशाळेत मिठाच्या शुद्ध द्रावणात सामान्य सक्रियित कार्बनसाठी हा आकडा बहुधा ५ ते १५ मिलिग्रॅम येतो.

कार्बनचे प्रकार आणि निर्मिती

सर्वांत स्वस्त आणि रुळलेला पदार्थ म्हणजे सक्रियित कार्बन. नारळाच्या करवंट्या, लाकूड किंवा दगडी कोळसा हवेविना तापवून आधी कार्बनीकरण केले जाते. मग वाफ किंवा कार्बन डायॉक्साइड यांच्या सान्निध्यात, अथवा पोटॅशियम हायड्रॉक्साइड, फॉस्फोरिक अम्ल यांसारखी रसायने मिसळून पुन्हा तापवले जाते. या दुसऱ्या पायरीला सक्रियण म्हणतात. तिच्यात कार्बनचा काही भाग खाल्ला जाऊन छिद्रे निर्माण होतात.

कार्बन एअरोजेल हा अधिक काटेकोरपणे घडवता येणारा पदार्थ आहे. रिसॉर्सिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांचे जेल तयार करून, त्याची जाळीदार रचना कोसळू न देता ते वाळवतात आणि निष्क्रिय वायूत भाजतात. अखंड आणि चांगला विद्युतवाहक असा पत्रा मिळतो, पण खर्च बराच येतो. याशिवाय सक्रियित कार्बन तंतूंचे कापड, कार्बन नॅनोनलिका, ग्राफीन आणि कार्बाइडजन्य कार्बन यांवरही काम झाले आहे. ग्राफीनचा गवगवा मोठा असला, तरी त्याचे थर वाळताना एकमेकांना चिकटतात व अपेक्षित पृष्ठभाग मिळत नाही. ही अडचण दूर करण्यासाठी त्याला स्पंजासारखे त्रिमितीय रूप द्यावे लागते.

भुकटीपासून विद्युतअग्र बनवताना साधारण ८० ते ९० टक्के सक्रियित कार्बन, थोडी विद्युतवाहक काजळी आणि एखादा बहुवारिक बंधक यांचा लगदा करून तो ग्राफाइटच्या पातळ पत्र्यावर पसरतात. बंधक कमी पडला तर थर सुटतो, जास्त झाला तर छिद्रांची तोंडे बुजतात.

वाशिम जिल्ह्याच्या संदर्भात वनस्पतिजन्य कार्बन विशेष महत्त्वाचा आहे. सोयाबीन, तूर आणि कापूस ही येथील मुख्य पिके होत. हंगामानंतर तुराट्या आणि पऱ्हाट्या सरपणासाठी किंवा कुंपणासाठी वापरल्या जातात, उरलेल्या पुष्कळदा शेतातच पेटवून दिल्या जातात. कापसाच्या काड्यांसारख्या अवशेषांपासून सक्रियित कार्बन तयार करता येतो, हे अनेक प्रयोगशाळांत दाखवून दिलेले आहे. लाकडासारख्या टणक तुराट्या आणि पऱ्हाट्या यासाठी सोयीच्या. सोयाबीनच्या कुटारात राखेचे प्रमाण अधिक, म्हणून ते कमी योग्य. राखेतील सिलिका आणि पोटॅशियम अम्लाने धुऊन काढले नाहीत तर छिद्रे बुजतात आणि विद्युतअग्राची वाहकता घटते. शिवाय वाळलेल्या काडीच्या वजनाचा मोठा भाग तापवताना वायुरूपाने निघून जातो. सक्रियणानंतर हाती येणारा कार्बन मूळ वजनाच्या पाचव्या हिश्श्याहूनही बरेचदा कमी असतो. चुलीतील लोणारी कोळसा आणि विद्युतअग्राचा कार्बन एकाच काडीपासून झालेले असले, तरी त्यांच्यामध्ये एवढ्या पायऱ्या आहेत.

इतिहास

सच्छिद्र विद्युतअग्रांनी पाणी निर्लवण करण्याचे पहिले पद्धतशीर काम अमेरिकेतील ओक्लाहोमा विद्यापीठात ब्लेअर आणि मर्फी यांनी केले व १९६० साली प्रसिद्ध केले. त्या वेळी कार्बनच्या पृष्ठभागावरील रासायनिक गट आयनांना बांधून ठेवतात अशी समजूत होती. १९७१ मध्ये जॉन्सन आणि न्यूमन यांनी द्विस्तराच्या आधारे सच्छिद्र विद्युतअग्राचा सिद्धांत मांडला आणि खरे कारण स्पष्ट झाले. मात्र टिकाऊ विद्युतअग्रे न मिळाल्याने हा विषय मागे पडला. १९९६ साली लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेत जोसेफ फार्मर आणि सहकाऱ्यांनी कार्बन एअरोजेल वापरून त्याला पुन्हा चालना दिली. २०१३ मध्ये दक्षिण कोरियातील संशोधकांनी कार्बनची भुकटी पाण्यात मिसळून वाहते विद्युतअग्र तयार केले. त्यात भरलेला कार्बन बाहेर नेऊन रिकामा करता येत असल्यामुळे यंत्र थांबवावे लागत नाही.

भारतात आयआयटी मद्रास येथील टी. प्रदीप यांच्या गटाने या विषयावर काम केले असून त्यातून इनोडीआय ही कंपनी निघाली. भावनगर येथील केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्था प्रामुख्याने पटलांवर आधारित निर्लवणीकरणासाठी ओळखली जाते.

ऊर्जा आणि आकारमान

एक ग्रॅम मीठ पाण्यातून काढण्यासाठी, भारकार्यक्षमता शंभर टक्के धरल्यास, सुमारे १६५० कूलोम विद्युतभार लागतो. १.२ व्होल्टला त्याची ऊर्जा सुमारे ०.५५ वॉट-तास होते.

समजा, एका हजार वस्तीच्या गावात माणशी ५ लिटर पाणी पिण्यास व स्वयंपाकास हवे आहे आणि विहिरीच्या पाण्यातील क्षार लिटरला २००० वरून ५०० मिलिग्रॅमवर आणायचे आहेत. रोज ५००० लिटर पाण्यातून ७.५ किलो क्षार काढावा लागेल. भारकार्यक्षमता ८० टक्के मानली तर त्यासाठी सुमारे ५ युनिट वीज पुरते; पंपाची वीज निराळी. कार्बन ग्रॅममागे १० मिलिग्रॅम क्षार धरतो, एक आवर्तन २० मिनिटांचे आहे आणि यंत्र दिवसातून १२ तास चालते, असे धरल्यास ३६ आवर्तनांसाठी सुमारे २१ किलो कार्बन लागतो. हे आकडे आदर्श परिस्थितीचे आहेत. खऱ्या विहिरीच्या पाण्यात कार्बनची क्षमता कमी भरते आणि यंत्र त्या मानाने मोठे करावे लागते. तरीही एवढ्या कमी दाबाची वीज सौर पटलांवर सहज मिळू शकते, ही या पद्धतीची जमेची बाजू आहे.

गावोगावी ‘आरओ’ या नावाने परिचित असलेल्या व्यस्त तर्षण पद्धतीत जास्त दाबाने पाणी पटलातून ढकलले जाते, म्हणजे क्षारातून पाणी काढले जाते. धारित्रीय पद्धतीत पाण्यातून क्षार काढला जातो. क्षार थोडा असेल तर दुसरी पद्धत स्वस्त पडावी, असा युक्तिवाद दीर्घकाळ केला गेला. २०१९ साली येल विद्यापीठातील मेनाकेम एलिमेलेक यांच्या गटाने दोहोंची तुलना करून मचूळ पाण्यासाठीही व्यस्त तर्षणच कमी ऊर्जा घेते असा निष्कर्ष काढला. त्यावर मतभेद झाले. विआयनीकरणात साठलेली ऊर्जा परत मिळवता येते, तिचा हिशेब किती धरावा हा वादाचा एक मुद्दा होता. क्षार जितका कमी आणि जितका थोडाच काढायचा, तितकी धारित्रीय पद्धत व्यस्त तर्षणाच्या जवळ येते, एवढे मात्र सर्वमान्य आहे.

मर्यादा

विआयनीकरणाने केवळ विद्युतभारित कण निघतात. जिवाणू, भाररहित सिलिका, तसेच त्रिसंयुजी आर्सेनिक यांवर त्याचा भरवसा ठेवता येत नाही. यंत्रातून आलेल्या पाण्याचे निर्जंतुकीकरण वेगळे करावेच लागते. आयनांमध्येही पक्षपात असतो. नायट्रेटभोवतीचे पाण्याचे वेष्टन सैल असल्याने ते कार्बनच्या सूक्ष्मछिद्रांत लवकर शिरते, तर घट्ट वेष्टनाचे फ्लोराइड मागे राहते. खतांमुळे नायट्रेट वाढलेल्या विहिरींसाठी ही गोष्ट अनुकूल आहे; फ्लोराइडग्रस्त गावांसाठी तशी नाही. सोडियम आणि कॅल्शियम दोन्ही असतील तर संख्येने अधिक असलेला सोडियम आधी आत जातो आणि नंतर दुप्पट भाराचा कॅल्शियम त्याला हटवून जागा घेतो. एकाच पाण्यातून काय निघेल हे अशा प्रकारे आवर्तन किती वेळ चालवले यावरही ठरते.

विद्युतअग्रांचे आयुष्य हा व्यवहारातील सर्वांत अवघड प्रश्न आहे. धन विद्युतअग्रावरील कार्बन हळूहळू ऑक्सिडीकृत होतो आणि त्याच्या पृष्ठभागावर ऋणभारित गट तयार होतात. मग ते ऋण आयनांना ओढण्याऐवजी दूर लोटू लागते व क्षमता घटत जाते. दुसऱ्या बाजूला, पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनपासून ऋण विद्युतअग्रावर हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि तेथील पाणी अल्कधर्मी होते. वऱ्हाडातील पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट असल्याने अशा अल्कधर्मी जागी चुन्याचा थर बसतो, हंड्याच्या आतून बसतो तसाच. दोन्ही विद्युतअग्रांची ध्रुवता आलटून-पालटून बदलल्यास झीज सारखी वाटली जाते आणि थरही काही प्रमाणात सुटतो. मिठाच्या शुद्ध द्रावणात घेतलेल्या चाचण्यांत मात्र या थराचा अनुभवच येत नाही, म्हणून प्रसिद्ध झालेले आयुष्याचे आकडे खाऱ्या विहिरीला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

काढलेला क्षार कोठे टाकायचा, हा प्रश्न कोणत्याही निर्लवणीकरणात उरतो. वरील उदाहरणात उपसलेल्या पाण्यापैकी ८० टक्के गोडे होऊन मिळाले असे धरले, तर ५००० लिटरमागे १२५० लिटर टाकाऊ पाणी निघते आणि त्याची क्षारता लिटरला सुमारे ८००० मिलिग्रॅम होते. खारपाणपट्ट्यातील काळी चिकण माती आधीच निचऱ्याला वाईट आहे. सोडियमयुक्त पाणी मुरले की तिचे कण फुगून विखुरतात, पृष्ठभागावर कवच धरते आणि पाणी आत झिरपणे जवळजवळ थांबते. हे पाणी नाल्यात किंवा शेतात सोडले तर काही वर्षांत तेच विहिरीत परत येते. त्यासाठी तळाला अस्तर लावलेले उथळ बाष्पीभवन कुंड बांधावे लागते. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढे जात असल्याने तेव्हा असे कुंड लवकर आटते. पावसाळ्यात मात्र ते भरून वाहू नये म्हणून यंत्र बंद ठेवण्याची किंवा कुंड झाकण्याची तजवीज करावी लागते.